गाडी कोण चालवत होतं

हो, हळू बोललात तरी ऐकू येतं मला, कान शाबूत आहेत माझे — हे आत्ताच झोपलेत आतल्या खोलीत, म्हणून म्हटलं. बसा ना. नाही, त्या खुर्चीवर नको, ती ह्यांची, तिथे दुसरं कुणी दिसलं की बिथरतात. इथे दिवाणावर बसा. तर काय म्हणालात — पिंगळे? गौरांग पिंगळे, आणि इंदूरचे! अहो, मग मघापासून हिंदीत कशाला बोलतोय आपण! मी आपली ‘जी हाँ, जी नहीं’ करतेय, आणि तुम्ही घरचेच निघालात. विमा कंपनीकडून चौकशीला माणूस येणार, हे केदारनं फोनवर सांगून ठेवलं होतं मला — केदार म्हणजे आमचा मुलगा, पुण्यात असतो — म्हणाला, ‘आई, विचारतील तेवढंच सांग, जास्त बोलू नकोस.’ मला! एकतीस वर्षं बरखेड्याच्या शाळेत भूगोल शिकवला मी, आणि मला सांगतो जास्त बोलू नकोस. पण तुम्ही ‘काकू’ म्हणालात ना, बरं वाटलं. इथे पोरंसोरं सगळी आंटीच म्हणतात. आणि घरात तर आता मला कुणी — असो. पाणी घ्या.

विचारा. गाडी कोण चालवत होतं? मी. लिहा — शशिकला उदय शेवडे, वय सहासष्ट, निवृत्त शिक्षिका, राहणार बाग सेवनिया. पोलीस थाण्यातल्या कागदावरही तेच आहे, बघा, आहे ना? लायसन्स आहे माझं, चालू आहे, एकोणतीस सालापर्यंत, ही त्याची झेरॉक्स. नोव्हेंबरची अठरा तारीख, दुपारी चारचा सुमार. मी आणि हे बरखेड्याकडून घरी येत होतो, आमच्या कॉलनीच्या वळणावर समोरून स्कूटीवर एक मुलगी आली, आणि गाडीचा धक्का तिला लागला. पडली बिचारी. डाव्या मनगटाचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर, बाकी खरचटलं. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. चूक माझी. तिची काडीचीही नाही, ती आपल्या बाजूनं येत होती. तिनं दावा लावलाय तो खरा आहे, तुमच्या कंपनीनं तो लोकअदालतीत मिटवावा, तिचं तिला मिळावं, झालं. एवढंच आहे. सही कुठे करायची?

अजून प्रश्न आहेत? बरं. मुलीला आधीपासून ओळखत होते का — हो, ओळखते की, सगळी कॉलनी ओळखते. पिंकी. नाव पिंकीच, आधार कार्डावर पण पिंकी. घरोघरी जाऊन रक्त काढून न्यायचं काम करते ती, लॅबमध्ये तपासायला. ह्यांचं रक्त न्यायला दर तीन महिन्यांनी तीच यायची. आणि काय सांगू तुम्हाला, ह्यांना सुई दाखवली की हे हात मागे घेतात, ओरडतात, एकदा ट्रे उडवला होता एकाचा — पण ही आली की शांत. ही आपली खाली फरशीवर बसायची, म्हणायची, ‘अंकल, फॅक्टरी का कोई किस्सा सुनाओ ना’, आणि हे सांगायला लागायचे टर्बाइनचं काही तरी, आणि सांगता सांगता झालेलं असायचं तिचं काम. आता तिचा तोच हात. सुई उजव्या हातात धरते, पण शीर शोधायला डावा लागतो ना. प्लास्टर निघालं तरी बोटं अजून वळत नाहीत तिची नीट. मी जाऊन आले दोनदा — म्हणजे एकदा. दुसऱ्यांदा ह्यांच्याजवळ बसायला कुणी मिळालं नाही.

मला? मला काही विशेष लागलं नाही. पट्ट्याचा वळ उठला होता खांद्यावर, हा असा, इथून खाली, काळानिळा झाला होता, महिनाभर डाव्या कुशीवर झोपता येत नव्हतं. डाव्या, हो. — का? ‘डावा’च्या खाली रेघ का ओढलीत? काय झालं? अहो, तुम्ही स्वतःच्याच खांद्याकडे काय बघताय — हां. चालवणाऱ्याचा पट्टा उजव्या खांद्यावरून येतो, असं होय. बरोबर. मग उजवा. उजवाच असेल, आता दोन-अडीच महिने झाले, कुणाला आठवतंय. भूगोलाच्या बाईला डावं-उजवं कळत नाही म्हणाल तुम्ही, पण होतं हो असं, या वयात होतं. खोडा ते, उजवा लिहा.

गिअर? कुठला गिअर होता — आता वळणावर कुठला असणार, जो असतो तो. दुसरा? दुसरा लिहा. चालवते म्हणजे काय, रोज नाही चालवत. कधीतरी. अहो, खरं सांगायचं तर लायसन्स आपलं बँकेत दाखवायला ठेवलंय मी, गाडी चालवली ती बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये राहत होतो तेव्हा, तीसुद्धा ह्यांनी जबरदस्ती शिकवली म्हणून, आणि तेव्हा मी जी समोरच्या मेंदीच्या कुंपणात घातली ती — नाही, हे लिहू नका. हसताय तुम्ही. हे लिहू नका, हं.

थांबा, फोन. बघा, केदारच. त्याला दिसतंय ना तिकडून — वर बघा, त्या घड्याळाच्या शेजारी, तो कॅमेरा. बाबांवर लक्ष राहावं म्हणून अपघातानंतर येऊन लावून गेला. घाबरू नका, त्याला दिसतं फक्त, ऐकू येत नाही. — हां केदार. हो, आलेत, बसलेत. नाही रे, कुठे जास्त बोलतेय, पाणी दिलं. मराठी आहेत, इंदूरचे. हो. हो, तसंच सांगितलं. बरं. ठेवते. — माझे हात फार हलतायत म्हणे. मीटिंगमध्ये बसल्या बसल्या आईचे हात मोजतो माझा मुलगा. वाईट नाही हो तो. त्याला काळजी आहे. पण मला आता घरात डोळे पुसायचे असले तरी न्हाणीघरात जावं लागतं.

बरखेड्याला कशाला गेलो होतो? असंच. चक्कर मारायला. — हो, आजारी आहेत हे, विसरण्याचा आजार, चौथं वर्ष. तुम्हाला कुणी सांगितलं? थाण्यात? सांगणारच, लपतंय थोडंच. आधी चष्मा, मग लोकांची नावं, मग दिवस. एकोणऐंशी साली साताऱ्याहून आले ते इथल्या टर्बाइनच्या कारखान्यात, छत्तीस वर्षं नोकरी केली, अजून पहाटे साडेपाचला उठून बसतात — शिफ्टला जायचंय. मी दाराला आतून कुलूप लावते. गेटला वेगळं. एकदा निघून गेले होते ना, होशंगाबाद रोडला सापडले, डबा घेऊन चालले होते, रिकामा डबा. तेव्हापासून कुलूप. आणि दोन्ही किल्ल्या माझ्या कमरेला, आणि मी आत. भाजी घरपोच, औषधं घरपोच, माझी मैत्रीण रेवती सुरुवातीला येऊन बसायची आठवड्यातून एकदा, तिला ह्यांनी चोर समजून ढकललं, मग तीही यायची थांबली — तिला दोष नाही देत मी. त्या नोव्हेंबरात सात महिने झाले होते मला या गेटच्या बाहेर पाऊल टाकून. सात महिने! रस्त्यावरून रिक्षा गेली की मी खिडकीशी जाऊन उभी राहायची, कोण बसलंय बघायला. म्हणून गेलो. मला, म्हणजे, ह्यांना जरा बरं वाटावं म्हणून.

धडक कशी झाली ते सविस्तर. बरं. तर आम्ही मेन रोडवरून आत वळलो. ऊन डोळ्यांवर येत होतं. हे बोलत होते, मी ऐकत होते. समोर पिंकी दिसली मला, तिची ती निळी पेटी असते ना पायाशी, त्यावरून ओळखली मी लांबूनच. मला वाटलं, आता गाडी हळू होईल. होईना. मी म्हटलं, बघितलं असेल. तरी होईना. मग ओरडलेच मी — अहो ब्रेक! अहो ब्रेक दाबा ना! — आणि तेवढ्यात —

काय?

लिहायचं का थांबलात?

मी असं म्हटलं का. ‘अहो ब्रेक दाबा.’ म्हटलं असेन. माणूस घाबरला की स्वतःलाच — नाही. नाही, स्वतःला कुणी अहो म्हणत नाही. बरोबर आहे तुमचं. तुम्ही काहीच बोलला नाहीत, तरी बरोबर आहे.

पेन खाली ठेवा जरा. पिंगळे, ठेवा ते पेन. कॅमेऱ्याकडे पाठ करून बसते मी, थांबा. हे बघा, डॉक्टरांनी सांगितलं होतं गाडी द्यायची नाही. मार्चमध्ये लायसन्स संपलं ह्यांचं, नवं मिळणं शक्यच नव्हतं, केदार म्हणाला गाडी विकून टाकू, मी म्हटलं राहू दे दारात, ह्यांना ती रोज पुसायची असते, तेवढाच वेळ जातो. किल्ली मी नाचणीच्या पिठाच्या डब्यात ठेवली होती, तळाशी. हे शोधायचे, सगळी कपाटं उपसायचे, मला विचारायचे, ‘मॅडम, माझी किल्ली बघितलीत का?’ मॅडम! कधी मॅडम, कधी बाई, एकदा तर सिस्टर. एकेचाळीस वर्षांचा संसार झालाय आमचा, आणि मी सिस्टर. नावानं हाक मारली नव्हती मला किती दिवसांत, ते मी मोजणंच सोडून दिलं होतं.

आणि त्या दिवशी दुपारी मी इथे दाणे निवडत बसले होते, आणि हे आतून आले. दाढी केलेली. स्वतः केलेली, कुठे कापलंबिपलं नाही. तो चौकड्यांचा शर्ट, बटणं बरोबर लावलेली. आणि मला म्हणाले, ‘शशी, चल जरा चक्कर मारून येऊ.’ शशी. तुम्हाला कळतंय का मी काय सांगतेय? मी दाण्यांचं ताट तसंच खाली ठेवलं. विचार केला नाही, असं नाही. केला. स्वयंपाकघरात जाऊन त्या डब्यासमोर उभी राहून केला. डॉक्टर आठवले, केदार आठवला, सगळं आठवलं. आणि मग कोपरापर्यंत हात घातला त्या पिठात. हे केदारला माहीत नाही. त्याला वाटतं, बाबांनी किल्ली शोधून काढली आणि मी त्यांना थांबवायला म्हणून शेजारी बसले. मी तसंच सांगितलंय त्याला. ह्यांनी नाही शोधली हो. मी दिली. मी ह्यांच्या हातात ठेवली, पिठानं भरलेली, आणि ह्यांनी ती शर्टाला पुसली आणि हसले.

आणि अहो, काय चालवली गाडी! तुम्ही बघायला हवी होती. आधी आरसा नीट केला, मग पट्टा, मग मला म्हणाले, ‘तूही लाव.’ सिग्नलला थांबले, एका म्हाताऱ्याला रस्ता ओलांडू दिला, त्यानं हात जोडले तर ह्यांनीही जोडले. हात विसरलेच नव्हते काही. मी काच खाली केली. वारा लागत होता तोंडाला, केस सुटत होते, आणि मी ते बांधतही नव्हते. बरखेड्यात आमच्या जुन्या क्वार्टरसमोर गाडी उभी केली. पुढे आता कुणी जाळी लावलीय, तुळस काढून टाकलीय, पण ह्यांनी ओळखलं घर. म्हणाले, ‘केदार इथे सायकल शिकला, आणि तू त्या मेंदीत गाडी घातलीस, आणि वर मेंदीलाच शिव्या दिल्यास.’ हसून हसून डोळ्यांत पाणी आलं माझ्या. चौराह्यावरच्या गुमटीवर उभ्यानं कचोरी खाल्ली आम्ही. ह्यांनी माझ्या पानातली चटणी घेतली, न विचारता, पूर्वी घ्यायचे तशी. एक तास, पिंगळे. एक तास दहा मिनिटं असेल. मला वाटलं, असंच पुढे जावं, होशंगाबादपर्यंत जावं, नर्मदा बघावी, घरी येऊच नये. तसं म्हणायला हवं होतं मी. मीच म्हटलं, उशीर होतोय, औषधाची वेळ झाली, चला परत.

परत येताना जरा गप्प झाले. मला वाटलं, दमले असतील. मेन रोडवरून आत वळलो, आणि ह्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. अगदी सभ्यपणे, अदबीनं — रस्त्यात कुणाला गाडीत घेतलं असावं तसं — विचारलं, ‘बाई, तुम्हाला कुठे सोडू?’

...

रस्त्याकडे नव्हतं बघत. माझ्याकडे बघत होते, माझ्या उत्तरासाठी. माझं तोंड उघडेना. आधी बोलले असते ना मी — सरळ चला, पुढे बघा, एवढं जरी म्हटलं असतं तरी पुढे बघितलं असतं ह्यांनी. पण मी त्यांचं तोंड बघत राहिले. मग पिंकी दिसली, मग ओरडले. उशीर झाला होता.

आणि पुढचं ऐका. सगळ्यांत आधी गाडीतून कोण उतरलं? हे. मी अजून पट्टाच सोडवत होते. हे गेले, तिच्याजवळ गुडघ्यावर बसले, वर्तमानपत्राची घडी केली, मनगटाखाली घातली, आपल्या रुमालानं बांधली — कारखान्यात शिकवलेलं असतं ना सगळं — आणि म्हणत होते, ‘हात मत हिलाना बेटा, बस हो गया.’ लोक जमले, दोन पोरं अंगावर धावून आली ह्यांच्या, तर ती जमिनीवर पडलेली पोर म्हणते, ‘दूर हटो, मेरे अंकल हैं।’ रिक्षा करून तिला कोलार रोडच्या दवाखान्यात नेलं आम्ही. तिथून मी केदारला फोन लावला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘आई, तुझं लायसन्स चालू आहे ना?’ मला कळलंच नाही आधी, हा लायसन्सचं का विचारतोय. मग पिंकीच्या वडिलांशी तो फोनवर बोलला. पिंकीनं मान हलवली. एवढ्यावर ठरलं सगळं, दवाखान्याच्या जिन्यात.

पण पहिलं खोटं मी थाण्यात नाही बोलले. घरी बोलले. संध्याकाळी हे अंगणात गेले आणि गाडीचा चेपलेला पत्रा बघून मला विचारायला लागले, ‘ही कुणी ठोकली?’ त्यांच्या डोक्यात काहीच नव्हतं, एक अक्षर नव्हतं. मी म्हटलं, मी. आणि रागावले माझ्यावर! ‘तुला शंभरदा सांगितलं, जमत नाही तर हात लावू नकोस म्हणून.’ कितीतरी वेळ बोलत होते. मी ऐकून घेतलं. मला बरं वाटत होतं, पिंगळे. रागावायला तरी मीच लागते ना, परक्या बाईवर कुणी असं रागवत नाही.

हे काय? काय काढलंत? दवाखान्याचा कागद. पहिल्या दिवसाचा. चष्मा देता का तो — ‘मरीज के बताए अनुसार कार एक अंकल चला रहे थे।’ शिक्का, सही. म्हणजे पिंकीनं डॉक्टरांना खरं ते सांगितलं होतं, केदारचा फोन व्हायच्या आधीच. सांगणारच, तिला काय ठाऊक पुढे काय ठरणार. — म्हणजे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही या दारातून आत आलात तेव्हापासून माहीत होतं! मग विचारलंत कशाला मला? पाणी प्यायलात, काकू म्हणालात, इंदूरचे म्हणालात — ते तरी खरं आहे का, इंदूर? बरं. बरं, चिडत नाही. तुम्ही तुमचं काम करताय. मी शाळेत हेच करायची, उत्तर माहीत असायचं आणि मुलाला फळ्याजवळ उभं करायची.

आता काय होईल ते सांगा. खरं लिहिलं तर. — पिंकीला कंपनी देईल, पण वेळ लागेल. लोकअदालतीत मिटणार नाही, रीतसर खटला चालेल. आणि मग लायसन्स नव्हतं म्हणून कंपनी ते ह्यांच्याकडून वसूल करेल. ते करू दे. आणि पिंकीचं? तिनं नंतर थाण्यात वेगळं सांगितलं, त्याबद्दल विचारतील. म्हणजे मोडलेल्या हाताची पोर उभी राहणार आणि खोटं का बोललीस म्हणून उत्तरं देणार, का, तर आम्हाला वाचवलं म्हणून. आणि ह्यांना कोर्टात न्यावं लागेल? उभं करतील? ‘नाव काय’ विचारतील, हे कारखान्यातला टोकन नंबर सांगतील. आणि केदार — केदार म्हणालाच होता मला, ‘आई, हे बाहेर आलं तर मग तुझ्याच्यानं बाबा सांभाळले जात नाहीत हे सिद्धच झालं.’ त्यानं पुण्याजवळ एक जागा बघून ठेवलीय. छान आहे म्हणे. नर्स आहेत, बाग आहे, भेटायला रविवार आहे. रविवार.

आणि खोटं लिहिलं तर? — तर काहीच नाही. मी सही करायची, आणि तुम्ही हा दवाखान्याचा कागद फाइलला लावायचा विसरणार. विसरणार असंच म्हणालात ना. का? माझ्यावर उपकार कशाला? ... अच्छा. तुमचे आजोबा. त्यांनाही असंच. इंदूरला. कोण बघतं त्यांचं — आई? एकटी. हं.

मग द्या. द्या तो सहीचा कागद. मी काही बोलले नाही, तुम्ही काही ऐकलं नाही, पीठ नाही, कचोरी नाही, काही नाही. मनात आलं होतं, कुणाला तरी एकदा सांगावं, सांगून झालं. या कागदावर ‘गाडी कोण चालवत होतं’ याला रकाना आहे, किल्ली कुणी दिली याला नाहीये, मग काय फरक पडतो हो, चूक माझीच होती, मी मघाशी पहिल्यांदा बोलले त्यात खोटं काहीच नव्हतं. कुठे? इथे? आणि इथे. श-शि-क-ला. बघा, हात जराही हलला नाही. केदारला आवडेल.

झालं? — शू. दार वाजलं. उठले वाटतं. तुम्ही बसा तसेच, एकदम उभे राहू नका. — अहो, उठलात? चप्पल घाला आधी, फरशी गार आहे. हे गौरांग, भेटायला आलेत, इंदूरचे. नाही, शिफ्ट नाहीये आज. काय?

कोण मुलगी?

काय म्हणालात तुम्ही — परत म्हणा. ... हो. हो, तीच, रक्त न्यायला यायची ती. बरा आहे हात तिचा. प्लास्टर निघालं. बोटं जरा — होतील हो, वळतील. ... नाही, हे कुणी सांगितलं तुम्हाला? कुणी नाही? तुमचं तुम्हालाच — ... हो. तुम्हीच चालवत होता. तुम्हीच. मी खोटं सांगितलं होतं तुम्हाला. ... आता नका रडू. ती नाही रागावली. मेरे अंकल हैं म्हणाली सगळ्यांसमोर. बसा. तुमच्या खुर्चीत बसा. जाऊ, तिला भेटायला जाऊ आपण, दोघं जाऊ.

पिंगळे, तो माझ्या सहीचा कागद द्या इकडे. द्या म्हणते ना! — फाडला. फाडला तर फाडला, दुसरा आणा. त्यात लिहा, गाडी उदय शेवडे चालवत होते, त्यांनी तुमच्यासमोर सांगितलंय, तुम्ही ऐकलंय. ते म्हणतायत मी चालवत होतो, मग मी कोण मध्ये? किल्ली कुणी दिली तेही लिहा, रकाना नसला तरी खाली लिहा. पिंकीला सांगा, तिच्या बाजूनं मी कोर्टात उभी राहीन, खोटं बोलायला आम्ही लावलं म्हणून सांगेन. केदारला मी सांगते. उद्या सहीला या. उद्या ह्यांना आठवणार नाही, मला आठवेल.

वाजू दे फोन.

आता उठा तुम्ही. अहो, उठा म्हणते ना. हे आत्ता इथे आहेत, किती वेळ आहेत मला ठाऊक नाही, आणि मला ह्यांच्याशी बोलायचंय. निघा.